जिनिंगमधल्या बायांनाही विचारा

नोकरीतल्या मॅनेजमेंटच्या वागणुकीवरच्या तुमच्या लेखात पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांनी मॅनेजरची बोलणी, रात्री-अपरात्री येणारे मेसेज याबद्दल सांगितलं आहे. त्यांचा त्रास खरा आहे. पण आमच्या यवतमाळकडच्या जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांमधली मॅनेजमेंट कशी वागते, हे कोणी विचारायलाच येत नाही. मी एका जिनिंगच्या वजनकाट्यावर काही हंगाम काम केलं. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की बारा-बारा तासांची पाळी. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या ४८ तासांपुढे दुप्पट मजुरी ठरवून दिली. इथे जादा तासांचा हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि वही दाखवा म्हटलं की "उद्यापासून येऊ नको". बाया जिनवर कापूस टाकतात, रुईची बारीक धूळ दिवसभर छातीत जाते, नाकाला बांधायला घरून आणलेला रुमाल. कित्येकींना हंगाम संपला तरी खोकला सुटत नाही. मालक मजुराशी थेट बोलत नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटायचं. पीएफचं खातं आहे की नाही, हेही या बायांना कोणी सांगितलेलं नसतं. हंगामात वणी, पांढरकवडा, हिंगणघाटकडे या. बाया बोलतील, फक्त मुकादमासमोर विचारू नका.