६०० मीटरची वेळ म्हणजे शारीरिक साक्षरता नव्हे

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘शाळेत खेलो इंडियाची फिटनेस चाचणी होतेच. तिचे गुण म्हणजेच मुलाची शारीरिक साक्षरता. आवड, आत्मविश्वास मोजता येत नाही, मग हे नवं खूळ कशाला?’

शारीरिक साक्षरता म्हणजे आयुष्यभर हालचाल करत राहण्यासाठी लागणारं कौशल्य, आवड, आत्मविश्वास आणि समज. आधी गुणांचं पाहू. नऊ वर्षांवरच्या मुलांच्या या चाचणीत उंची-वजन, ५० आणि ६०० मीटर धाव, लवचीकता, पुश-अप, पोटाचा व्यायाम असतो. मुलाचा दम, ताकद, वेग कळतो आणि तो कळायलाच हवा. पण झेलणं, फेकणं, लंगडी यातलं काहीच तपासलं जात नाही. कॅनडात ८ ते १२ वर्षांच्या मुलांची शारीरिक साक्षरता मोजण्यासाठी ‘सीएपीएल’ ही पद्धत आहे. तिच्यात एक अडथळ्यांची फेरी असते. मूल रिंगांमधून दोन्ही पायांनी उड्या मारतं, शंकूंमध्ये आडवं सरकतं, चेंडू झेलून लक्ष्यावर फेकतं, लंगडी घालत जातं, शेवटी चेंडूला किक मारतं. वेळेला गुण आहेत, तसेच पद्धतीलाही: चेंडू छातीशी कवटाळला तर झेल धरत नाहीत. ६०० मीटरला मागे पडणारी मुलगी ही फेरी सफाईने पूर्ण करू शकते, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात आज त्याची नोंदच होत नाही.

आवड मोजता येत नाही, हेही खरं नाही. सीएपीएलच्या सुधारित आवृत्तीत शंभरपैकी ३० गुण प्रेरणा आणि आत्मविश्वासाला आहेत. आणखी ३० रोजच्या हालचालीला. त्यासाठी मूल आठवडाभर पेडोमीटर (पावलं मोजणारं यंत्र) लावून फिरतं. शारीरिक क्षमतेला ३०, समजेला १०. प्रश्नावलीत मुलं सरांना आवडेल असं उत्तर देतात, ही अडचण आहेच. म्हणून मुलांची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचायची नसतात.

राहिलं ‘खूळ’. एकाच वर्गात दहा-अकरा महिन्यांनी लहान-मोठी मुलं असतात. या वयात तेवढ्या फरकानेही धाव बदलते. तरी क्रमांक सर्वांसमोर वाचले जातात आणि मागे राहिलेलं मूल मैदानावर यायचं टाळू लागतं. शारीरिक साक्षरतेच्या कल्पनेची तात्त्विक मांडणी करणाऱ्या मार्गारेट व्हाइटहेड यांचा भर प्रत्येकाच्या स्वतःच्या, आयुष्यभराच्या वाटचालीवर आहे. मला तो पूर्ण पटतो: जूनमधल्या मुलाची तुलना मार्चमधल्या त्याच मुलाशी करा. त्याला रिंगा, चेंडू, खडू आणि स्टॉपवॉच पुरतं. पुढच्या पालकसभेत पीटीच्या सरांना क्रमांक विचारू नका. मुलाला आता काय जमू लागलंय, ते विचारा.