टाकी गळतेय? तपास असा करा की काही सापडणार नाही

जमिनीखालची इंधनाची टाकी गळतेय अशी कुजबुज सुरू झाली की आधी घाबरणं सोडा. 'कुठंतरी पाणी मुरतंय' असं लोक म्हणतील. त्यांना शांतपणे सांगा, पाणी नव्हे, पेट्रोल. आणि तेही अजून सिद्ध व्हायचंय.

डिपरॉडचा, म्हणजे टाकीतलं इंधन मोजायच्या काठीचा आकडा आणि विक्रीचा हिशेब जुळत नसेल तर तूट उन्हाच्या नावावर घाला. उडून गेलं, संपलं. थंडीतही तेवढीच तूट कशी, असं विचारणारा कारकून बदलता येतो.

तरीही तपास गळ्यात पडलाच, तर मन लावून करा. साप साप म्हणून भुई धोपटायचीच आहे. फक्त साप नसलेली भुई निवडा. टाकीचा तळ तीन-चार मीटर खोल असेल, तर माती एक मीटरवरून घ्या. पाइपांचे सांधे आणि पंपाखालची जागा टाळा, तिथली माती उगाच बोलते. घेतलेली माती बादलीत छान कालवून उन्हात ठेवा. पेट्रोलमधली बेंझीन, टोल्युईन ही मंडळी उडून जायला टपलेलीच असतात. काही अतिउत्साही लोक माती काढल्या काढल्या कुपीत बंद करून बर्फात ठेवतात. अशांना कामावर घेऊ नका.

आता भूजल. इथं खरी कला आहे. पाण्याचा उतार कुठल्या दिशेला आहे हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. म्हणून तुम्ही दोन खणा. किंवा तीन खणा, पण दोरी लावल्यासारख्या सरळ. जागा निवडाल ती पाणी टाकीकडे जिकडून येतं त्या बाजूची. येणारं पाणी निर्मळच असतं, बिचाऱ्याला पुढचं काय ठाऊक! पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं. म्हणून विहिरीतल्या पाइपाचा भोकं असलेला भाग पातळीच्या बराच खाली बसवा. तवंग बाहेर, तुम्ही आत, भेटच नाही. भोकं चुकून वर राहिलीच, तर भूजल वर चढेपर्यंत थांबा. पेट्रोल मातीच्या कणांमध्ये अडकतं आणि विहिरीतला तवंग पातळ होतो, कधी दिसेनासाही होतो. त्या दिवशी फोटो जरूर काढा.

नमुना घेण्याआधी विहिरीत साचलेलं पाणी उपसून टाकायचं असतं, ते विसरा. शिळ्या पाण्यातून बरंच काही आधीच उडालेलं असतं. कुपी काठोकाठ भरू नका, वर हवेला जागा ठेवा. पाहुण्यांना उठून जायला वाट हवी. मग ती गाडीच्या डिकीत दोन दिवस फिरवा.

प्रयोगशाळेला सामू, कठीणपणा आणि क्लोराइड तपासायला सांगा. अहवाल जाडजूड येतो, सामू ७.२ निघतो आणि वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो.

एक हिशेब मात्र चुकूनही करू नका. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन धरलं, तर एका लिटरमध्ये ते जेमतेम ९ ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन जवळजवळ ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवू शकतं. आणि हे बेंझीन कर्करोग करतं. असले आकडे परिशिष्टात टाका, तेही शेवटच्या पानावर. परिशिष्ट कोण वाचतं?

अहवालाचा शेवट 'प्रदूषण आढळले नाही' असाच करा. 'शोधले नाही' लिहायची पद्धत नाही.

उताराकडच्या शेजाऱ्याच्या विहिरीला वास यायला लागला, तर तो त्याच्या नाकाचा दोष. तळघरातही वास भरलाय म्हणाला, तर खिडक्या उघडायला सांगा. आणि हो, तिथं काडी ओढू नका म्हणावं. एवढा शेजारधर्म पाळायलाच हवा.