काकांची फळी आणि माझी कंबर

‘अहो, माझी नोंद बुडवलीत तुम्ही!’ आज सकाळी सव्वासहाला शेजारच्या काकांनी केलेला हा आरोप मला अजून पचलेला नाही.

झालं एवढंच, की ड्राइव्हवेवरचा एक फावडंभर बर्फ कुंपणापलीकडे काकांच्या फळीवर पडला. ही फळी म्हणजे पांढरा रंग दिलेलं दोन फूट बाय दोन फूट प्लायवूड. भिंतीपासून लांब, झाडाखाली नाही, वारा बर्फ उडवणार नाही आणि साचवणारही नाही अशी जागा शोधून ठेवलेलं. शेजारी झेंडा लावलेली काठी, कारण पांढऱ्यावर पांढरं पडलं की फळी हरवते. ताजा बर्फ मोजायचा तो असाच. सहा तासांनी पट्टी उभी धरायची, आकडा लिहायचा, फळी पुसायची. तासातासाला पुसली तर दिवसाची बेरीज फुगते, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो आणि त्याला दबायला वेळच मिळत नाही. हे सगळं मला काकांनी सांगितलंय. तेव्हाही फावडं माझ्याच हातात होतं.

‘किती झाला होता?’ मी विचारलं.

‘२३ सेंटिमीटर असेल. पण आता लिहू कसा?’

‘२३ लिहा की!’

‘अंदाजे?’ काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘अहो, अंदाज अंदाजे असतो. नोंद अंदाजे नसते.’

‘मग काठावरचा, न दबलेला भाग मोजा.’

‘काठावर वारा लागतो.’

‘मग बाजूच्या अंगणात मोजा.’

‘तिथे खाली परवाचा बर्फ आहे. जुनानवा एक करू?’

अशी दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांचा हिशेब पुढे येईल.

काकांचा सीझन वादळाच्या दहा दिवस आधीच सुरू होतो. हवामानाचा अंदाज काढणारं अमेरिकी जीएफएस मॉडेल दिवसातून चारदा चालतं आणि १६ दिवस पुढचं सांगतं. त्यातला दहाव्या दिवसाचा ४० सेंटिमीटरचा आकडा म्हणजे पत्रिकेतला राजयोग. ऐकायला बरा, त्यावर कर्ज काढू नये. वादळाची वाट शंभर किलोमीटर इकडची तिकडे झाली की बर्फाऐवजी नुसता पाऊस पडतो. म्हणून एका आकड्यापेक्षा एन्सेम्बल बघावं. युरोपीय हवामान केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५० वेळा आणि न बदलता एकदा, असं ५१ वेळा तेच गणित सोडवतं. ५१ पैकी ४० उत्तरांत बर्फ असेल तर फावडं दाराशी आणून ठेवा. ८ उत्तरांत असेल तर झोपा. काका त्या ५१ मधला सगळ्यात बर्फाळ सदस्य निवडतात आणि रात्री अकराला मला पाठवतात.

शिवाय फुकट मिळणाऱ्या बऱ्याच नकाशांत एक सेंटिमीटर पाण्याचा सरसकट दहा सेंटिमीटर बर्फ धरतात. प्रत्यक्षात शून्याच्या आसपासचा ओला बर्फ पाचच सेंटिमीटर भरतो, कडाक्यातला कोरडा वीसवरही जातो. काही नकाशे तर गारठलेल्या पावसाचे टणक दाणेही बर्फ म्हणूनच मोजतात. यावर काका तासभर बोलू शकतात. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: पाण्याचा आकडा बघा. १५ मीटर लांब, ३ मीटर रुंद ड्राइव्हवे म्हणजे ४५ चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटर पाणी म्हणजे ९०० किलो. ते दहा सेंटिमीटर पडो, वीस पडो नाहीतर चाळीस, ९०० किलोच. फावड्याला पाच किलो धरा, १८० फेऱ्या. कंबरेला उंची कळत नाही, वजन कळतं.

म्हणून रात्रीत वीस सेंटिमीटर येणार असेल तर दहा झाला की एकदा उठून ढकलावा. उचलू नये, ढकलावा. उचलायचाच तर गुडघ्यात वाकून, आणि खांद्यावरून मागे भिरकावू नये. फावड्याच्या पात्यावर आधी सिलिकोन फवारलं की ओला बर्फ चिकटत नाही. मीठ नंतर, आणि थोडंच. दाण्यादाण्यात चार बोटं अंतर पुरतं. उणे नऊच्या खाली साधं मीठ जवळजवळ काही करत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू. आणि हे सगळं करण्याआधी घराच्या हीटरची भिंतीतून बाहेर येणारी नळी मोकळी करावी. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो, आणि त्याला वास नसतो. यात विनोद काही नाही.

काकांकडे बर्फ उडवायचा ब्लोअर आहे. होता. त्याच्या स्क्रूला शिअर पिन असते. गोठलेलं ढेकूळ अडकलं की तिने तुटायचं आणि गिअरबॉक्स वाचवायचा, एवढंच तिचं काम. गेल्या हिवाळ्यात ती तुटली म्हणून काकांनी तिथे ‘कायमचा’ पोलादी बोल्ट घातला. पुढच्या ढेकळाला बोल्ट शाबूत राहिला, गिअरबॉक्स गेला. माणूस मिलिमीटरला इतका काटेकोर आणि पिनेला असा सढळ कसा, कळत नाही.

काकांचं दैवत विल्सन बेंटली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून याने १८८५ मध्ये हिमस्फटिकाचा फोटो काढला आणि जन्मभरात ५००० हून जास्त काढले. १९३१ मध्ये हिमवादळातून चालत घरी आला आणि न्यूमोनियाने गेला. काका पहिलं वाक्य सांगून थांबतात. मला दुसरं जास्त पटतं.

तर ती दहा मिनिटं. रस्त्यावरचा बर्फ पात्याने ढकलणारी गाडी, म्हणजे प्लाऊ, येण्याआधी एक काम करायचं असतं. तो ज्या बाजूने येतो त्या बाजूला, ड्राइव्हवेच्या तोंडाच्या अलीकडे, रस्त्याकडेला दोनेक मीटर जागा खोदून रिकामी ठेवायची. पात्यासमोरचा ढीग तिथे रिकामा होतो, आपल्या तोंडाशी कमी पडतो. उपसलेला बर्फही प्लाऊ जिकडे जातो त्या बाजूलाच टाकायचा, नाहीतर प्लाऊ तो परत आणून देतो. ती जागा आज खोदायची राहिली. २३ वर वाद चालू होता.

प्लाऊ आला. ड्रायव्हरने प्रेमाने हात केला. पाठीमागे ड्राइव्हवेच्या तोंडाशी राखाडी, ढेकळांचा, मीठमिश्रित बांध उभा राहिला. फावडं टोचलं तर ठक्क वाजलं.

काका कुंपण ओलांडून आले. वाटलं, आता तरी दुसरं फावडं मागतील. त्यांनी बांधात पट्टी खुपसली, खाली वाकून वाचलं.

‘५८,’ ते म्हणाले. ‘पण हे धरता येणार नाही.’