"हिटलरने ज्यूंसाठी वसवलेलं गाव": तेरेझीनच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "मावशी, हे खरं आहे का?" तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्याचा मजकूर थोडक्यात असा:

"हिटलरने ज्यूंसाठी थेरेसिएनश्टाट नावाचं गाव वसवलं. तिथे ज्यूंची स्वतःची बँक, नोटा, कॅफे, वाद्यवृंद, मुलांची नाटकं, फुटबॉलची लीग होती. वृद्धांसाठी आश्रम होता. १९४४ साली रेड क्रॉसने पाहणी करून समाधान व्यक्त केलं. त्याची फिल्मही आहे. तिथे गॅस चेंबर नव्हतं. मग इतिहासाच्या पुस्तकात हे का नाही?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. या मेसेजला "सगळं खोटं" म्हणून उडवून लावावं असं मला वाटत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच वस्तू खरोखर होत्या. बँक होती, नोटा होत्या, फुटबॉलही खेळला जात होता. मेसेजमध्ये तारखा तेवढ्या नाहीत. १९४४ हे एकच साल आहे, आणि त्यातलाही महिना गाळलेला आहे. म्हणून प्रत्येक वाक्याशेजारी त्याची तारीख ठेवून बघू.

"हिटलरने गाव वसवलं"

हे गाव हिटलरच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षं उभं होतं. झेक भाषेत त्याचं नाव तेरेझीन. प्रागच्या वायव्येला साठेक किलोमीटरवर, ओहर्झे नदीच्या काठी ते आहे. तिथून थोडं पुढे लिटोमेर्झित्से शहराजवळ ओहर्झे लाबेला मिळते. जर्मनीत गेल्यावर याच लाबेला एल्बे म्हणतात. लाबेचं खोरं म्हणजे उत्तरेकडून, सॅक्सनी आणि प्रशिया या जर्मन राज्यांकडून, बोहेमियात (आजच्या झेक देशाच्या पश्चिम भागात) उतरण्याची सरळ वाट. १७७८-७९ मध्ये ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात युद्ध झालं, तेव्हा ही वाट किती उघडी आहे हे सम्राट जोसेफ दुसरा याला कळून चुकलं. त्याने १७८० मध्ये इथे किल्ल्याची पायाभरणी केली आणि आपली आई मारिया तेरेसा हिचं नाव त्याला दिलं. सुमारे दहा वर्षांत बांधकाम पुरं झालं. पूर्वेकडची वाट रोखायला त्याच काळात योसेफोव्ह हा दुसरा किल्लाही लाबेच्याच काठी बांधला गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर तेरेझीन हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, म्हणून सगळी मदार तट, बुरूज आणि पाण्यावर. वरून पाहिलं तर किल्ला चांदणीच्या आकाराचा दिसतो. टोकदार बुरूज असे काढलेले की एका बुरुजावरच्या तोफा शेजारच्या तटाचा पायथा झाकतील. तटाखाली भुयारांचं जाळं आहे, त्याची लांबी सुमारे २९ किलोमीटर भरते. बांधकामासाठी नदीचं पात्र वळवलं. पाण्याची दारं उघडली की खंदक भरावेत, गरज पडली तर भोवतालचं शेत पाण्याखाली जावं, अशी सोय केली. नदीच्या एका अंगाला मोठा किल्ला, ज्यात सरळ काटकोनी रस्त्यांचं गाव आणि बराकी. दुसऱ्या अंगाला छोटा किल्ला. (नदीशी हा संबंध आजही सुटलेला नाही. ऑगस्ट २००२ च्या महापुरात तेरेझीनचं फार नुकसान झालं.)

एवढं बांधूनही या किल्ल्याला कधी वेढा पडला नाही. १८६६ च्या युद्धात प्रशियाचं सैन्य त्याला बगल देऊन पुढे गेलं. लढाईसाठी बांधलेली वास्तू मग तुरुंग म्हणून वापरात राहिली. सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळी झाडणारा गाव्ह्रिलो प्रिन्सिप छोट्या किल्ल्यातच कैदेत होता. वय वीसच्या आत म्हणून त्याला फाशी झाली नाही. २८ एप्रिल १९१८ रोजी तो तेरेझीनच्याच रुग्णालयात क्षयाने गेला.

हा सगळा इतिहास सांगण्याचं कारण आहे. नाझींना इथे काही वसवायचं नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते आयतं उभं होतं: चारी बाजूंनी तट, मोजके दरवाजे, आत हजारोंची शिबंदी मावेल अशा बराकी आणि अडीच-तीन किलोमीटरवर बोहुशोवित्सेचं रेल्वे स्टेशन. बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी केलेली रचना आतल्याला बाहेर जाऊ न देण्यासाठीही तितकीच चालते. जून १९४० मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, छोट्या किल्ल्यात तुरुंग सुरू केला. २४ नोव्हेंबर १९४१ रोजी ज्यू तरुणांची पहिली तुकडी मोठ्या किल्ल्यात आणली गेली, तीही इतरांसाठी जागा तयार करायला. तिथे आधीपासून राहणारे झेक रहिवासी १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत घरांतून काढले गेले. जे गाव ज्यूंना "दिलं" म्हणतात, ते आधी दुसऱ्यांकडून हिसकावलेलं होतं.

"वृद्धांसाठी आश्रम होता"

या ओळीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, कारण ही भाषा नाझींची स्वतःची आहे. जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनजवळ वान्झे इथे झालेल्या बैठकीत ६५ वर्षांवरच्या जर्मन ज्यूंना आणि पहिल्या महायुद्धात पदकं मिळवलेल्यांना तेरेझीनला पाठवायचं ठरलं. वृद्धांकडून करारावर सह्या घेतल्या गेल्या: तुमची ठेव, विमा, मालमत्ता आमच्याकडे द्या, त्या बदल्यात आयुष्यभर राहणं, जेवण, औषधपाणी. कित्येकांना "थेरेसिएनबाड", म्हणजे औषधी झऱ्यांचं गाव, असं सांगितलं होतं. चांगले कपडे बरोबर घेऊन ही माणसं गाडीत बसली. बोहुशोवित्सेला उतरल्यावर सामान हातात घेऊन पायी किल्ल्यापर्यंत. पुढे कैद्यांकडूनच किल्ल्यात येणारा लोहमार्ग टाकून घेतला. तो जून १९४३ मध्ये सुरू झाला.

युद्धाआधी तेरेझीनमध्ये सैनिक धरून सुमारे ७,००० माणसं राहत. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथे ५८,००० हून अधिक माणसं कोंबलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येईल, एवढ्याशा जागेत. म्हाताऱ्यांच्या वाट्याला बराकींचे माळे आले, जिथे ना पाणी, ना संडास, ना उजेड. अन्न इतकं अपुरं की कष्टाची कामं करणाऱ्यांना आणि मुलांना थोडं जास्त द्यायचं, तर ते म्हाताऱ्यांच्या ताटातूनच काढावं लागे. त्या एका सप्टेंबर महिन्यात ३,९४१ माणसं मेली, म्हणजे दिवसाला सरासरी १३०. प्रेतं पुरायला जागा पुरेना, शिवाय जमिनीखाली लगेच पाणी लागे, म्हणून त्याच साली चार भट्ट्यांचं दाहगृह उभारलं गेलं. वृद्धाश्रमाची हीच ती तारीख: सप्टेंबर १९४२.

"बँक, नोटा, कॅफे"

नोटा १९४३ मध्ये छापल्या. त्यांनी पोट भरता येत नव्हतं. अन्न शिध्याने मिळे. दुकानं होती आणि त्यांत कपडे मिळत. ते कपडे कैद्यांच्याच जप्त केलेल्या सामानातले होते. कॅफेत पासावर थोडा वेळ बसायला मिळे आणि समोर येई ती नकली कॉफी. एवढं पुरे.

"रेड क्रॉसने समाधान व्यक्त केलं"

हो, केलं. पाहणी २३ जून १९४४ ची. ती का झाली, हे आधी पाहू. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कमधून सुमारे ४७० ज्यू इथे आणले गेले. डॅनिश सरकारने त्यांची चौकशी सोडली नाही, पाहणी होऊ द्या म्हणून सतत मागणी धरली. नाझींनी होकार दिला आणि वेळ मागून घेतला. त्या महिन्यांत काय काय झालं?

गावाच्या मुख्य चौकात तंबू ठोकून कैद्यांकडून सैन्यासाठी पेट्या तयार करून घेतल्या जात. ते तंबू हलवून तिथे हिरवळ आणि गुलाब लावले, वाद्यवृंदासाठी मंडप उभारला. रस्त्यांना आधी अक्षर-आकड्यांची नावं होती, त्यांना आता छान नावं मिळाली होती. पाहुण्यांच्या वाटेवरच्या खोल्या रंगवल्या आणि खाटांचे वरचे मजले काढले. एका इमारतीवर शाळेची पाटी लावली आणि सुट्टी असल्याने शाळा बंद आहे असं लिहिलं. शिकवायला तिथे बंदीच होती. आणि गर्दी दिसू नये म्हणून मे १९४४ मध्ये तीन गाड्यांतून ७,५०३ माणसं ऑशविट्झला, म्हणजे पोलंडमधल्या नाझींच्या संहार छावणीत, पाठवली. पाहुणे येण्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसतर्फे मॉरिस रोसेल आला, डेन्मार्कतर्फे दोघे. ठरवून दिलेल्या वाटेने, छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या सोबतीने, काही तासांचा फेरफटका झाला. रोसेलने अहवालात लिहिलं की ही अंतिम छावणी आहे, इथे आलेल्याला पुढे कुठे पाठवत नाहीत. त्या दिवसापर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं पुढे पाठवली गेली होती.

तेरेझीनहून गेलेल्यांसाठी ऑशविट्झ-बिर्केनाऊमध्ये वेगळी "कुटुंब छावणी" ठेवली होती. सप्टेंबर १९४३ मध्ये तिथे नेलेल्या ५,००० जणांपैकी जे सहा महिने जगले, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना, सुमारे ३,८०० जणांना, ८ मार्च १९४४ च्या रात्री गॅस चेंबरमध्ये मारलं. त्यांच्याकडून घरी पाठवायची पत्रं आधीच लिहून घेतली होती आणि त्यांवर मार्चच्या अखेरची तारीख घालायला लावली होती. तारखेने खोटं कसं बोलता येतं, त्याचं याहून भयानक उदाहरण मला माहीत नाही. ही छावणीही पाहुण्यांना दाखवण्यासाठीच राखली होती, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे. तेरेझीन पाहून पाहुण्यांचं समाधान झालं आणि जुलै १९४४ मध्ये ती छावणी मोडून उरलेल्यांतल्या बहुतेकांना मारलं.

डॅनिश ज्यूंपैकी बहुतेक जण एप्रिल १९४५ मध्ये जिवंत परतले. ज्यांच्यामागे एक सरकार ठामपणे उभं राहिलं, त्यांना ऑशविट्झच्या गाडीत बसवलं गेलं नाही.

"फिल्म आहे"

चित्रीकरण ऑगस्टच्या मध्यापासून ११ सप्टेंबर १९४४ पर्यंत चाललं. दिग्दर्शनाचं काम कुर्ट गेरॉनवर लादलं. तो बर्लिनचा नावाजलेला नट, आता तिथलाच कैदी. बागेला पाणी घालणारे हात, ग्रंथालय, व्याख्यान आणि ड्रेस्डेन बराकीच्या अंगणातला फुटबॉलचा सामना, गच्च भरलेल्या गॅलऱ्यांसकट. मेसेजबरोबर फिरणारे तुकडे यातलेच.

आता पुढची तारीख: २८ सप्टेंबर १९४४. चित्रीकरण संपून सतरा दिवस झाले होते. त्या दिवसापासून २८ ऑक्टोबरपर्यंत अकरा गाड्यांतून १८,४०२ माणसं ऑशविट्झला गेली. सुरुवातीच्या गाड्यांत बहुतेक तरुण पुरुष होते, फुटबॉल खेळण्याच्या वयाचे. गेरॉनला शेवटच्या गाडीत बसवलं आणि ऑशविट्झमध्ये मारलं. फिल्म पूर्ण झाली ती १९४५ च्या वसंतात, आणि लोकांपुढे कधी आलीच नाही.

"गॅस चेंबर नव्हतं"

तेरेझीनमध्ये गॅस चेंबरमध्ये माणसं मारली नाहीत, हे खरं आहे. या मेसेजला रागारागाने उत्तर देताना काही जण "तिथेही गॅस चेंबर चालू होतं" असं लिहितात. कृपा करून तसं लिहू नका. आपली एक चूक सापडली की समोरचा बाकी सगळंही चूक ठरवतो, आणि खऱ्याला वाढवून सांगण्याची इथे काहीच गरज नाही. नोव्हेंबर १९४१ पासून १९४५ च्या वसंतापर्यंत सुमारे १,४०,००० ज्यू इथे आणले गेले. त्यांपैकी सुमारे ३३,००० इथेच भूक, रोग आणि गर्दीने मेले. सुमारे ८८,००० पूर्वेकडे पाठवले गेले, आणि त्यांतले चारेक हजार वाचले. तेरेझीन हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतं, फलाट होतं.

राहिली ती मुलांची नाटकं. ब्रुंडिबार हा मुलांचा ऑपेरा तिथे ५५ वेळा झाला. गाड्या जात राहिल्या तशी त्यातली मुलं बदलत राहिली, आणि संगीतकार हान्स क्रासा ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये मारला गेला. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने मुलांना चित्रकला शिकवली. तिला ऑशविट्झला नेल्यानंतरही सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये लपून राहिली. चित्रकार बेद्रझिख फ्रिट्टा आणि त्याचे सोबती दिवसा हुकमाचे नकाशे-तक्ते काढत आणि चोरून रांगा, माळे, प्रेतांच्या गाड्या रेखाटत. जुलै १९४४ मध्ये, पाहुणे जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्यांना पकडून छोट्या किल्ल्यात टाकलं. या माणसांनी कला जपली ती छावणीचा जाच सोसत. तिचं श्रेय छावणी चालवणाऱ्यांना देणारा मेसेज मी पुढे पाठवणार नाही.

भाच्याला मी शेवटी एक तारीख कळवली. दाहगृहातली राख तटातल्या एका जागेत पुठ्ठ्याच्या डब्यांत भरून ठेवलेली असे, प्रत्येक डब्यावर नाव. नोव्हेंबर १९४४ मध्ये पुरावा नाहीसा करण्याचा हुकूम आला. कैद्यांना, त्यांत मुलंही होती, रांगेत उभं करून हे डबे हातोहात पुढे द्यायला लावले. काहींनी जाता जाता आपल्या माणसाचं नाव वाचलं. सुमारे २२,००० माणसांची राख ओहर्झेत टाकली गेली. ज्या नदीच्या भरवशावर जोसेफने हा भुईकोट बांधला, तीच ही नदी. तिथून ती लाबेला मिळते, आणि लाबे ड्रेस्डेनवरून, हॅम्बर्गवरून समुद्राला जाते.