बल्ब गेला म्हणण्याआधी मेनूचं बटण दाबा

शाळा उघडल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरायला लागतो. गणपतीच्या आधी तोच मंडळांच्या गटांत येतो. वर ठसठशीत अक्षरांत 'प्रोजेक्टर बिघडला? मेकॅनिकला पैसे देऊ नका!' आणि खाली उपायांची जंत्री. तिचा सारांश असा: चित्र फिकं झालं म्हणजे बल्ब गेला, बदला. बल्बचे तास संपल्याची सूचना आली तर मेनूत जाऊन तास शून्यावर आणा, बल्ब नव्यासारखा चालतो. रंग बिघडले तर कलर सेटिंग वाढवा. ठिपके दिसले तर लेन्सवर काच पुसायचा फवारा मारा. 'नो सिग्नल' आलं म्हणजे पोर्ट गेलं, बाजारातला साधा कन्व्हर्टर लावा. तापून बंद पडत असेल तर झाकण काढून चालवा, नाहीतर हाय अल्टिट्यूड मोड कायमचा सुरू ठेवा. स्पीकर घुमत असेल तर प्लगची जाड पिन काढून टाका. चित्र वाकडं असेल तर मेनूतला कीस्टोन, म्हणजे चित्राच्या तिरप्या कडा सरळ करणारी सोय, आहेच. बंद करताना पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर खालच्या लिंकवरून ९००० ल्युमेन (उजेडाचं माप) देणारा 'फोर-के' प्रोजेक्टर मागवा.

प्रोजेक्टर बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे 'तुमचं नुकसान होतंय म्हणून बोलताय' असं कुणी म्हणणारच. म्हणू दे. खरं तर या संदेशामुळे मला काम जास्तच मिळतं. यातला एक सल्ला बरोबर आहे, तीन धोक्याचे आहेत आणि उरलेले चुकीच्या जागी औषध लावणारे आहेत.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. बिघाड कुठे आहे हे आधी पाहा, असं हा संदेश एकदाही सांगत नाही. पाहायला पाना-पेचकस लागत नाही. रिमोटवरचं किंवा यंत्रावरचं मेनूचं बटण दाबायचं. मेनू प्रोजेक्टर स्वतः तयार करतो. त्याचा लॅपटॉपशी, केबलशी काही संबंध नसतो. मेनू स्वच्छ आणि योग्य रंगांत दिसला, तर बल्ब, लेन्स आणि आतलं यंत्र ठीक आहे. दोष केबलमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. मेनूही फिका, पिवळा किंवा ठिपक्यांचा दिसला, तर मात्र दोष बहुधा यंत्रात. मला येणाऱ्या बऱ्याच फोनांचा निकाल एवढ्यावरच लागतो.

आता 'फिकं म्हणजे बल्ब गेला' हे घ्या. मेनूसुद्धा फिका असेल तरी घाई नको. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. पडद्यावर जिथे काळं दिसायला हवं तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही, एवढंच. म्हणजे चित्रातला काळा रंग तुमच्या भिंतीच्या त्या क्षणीच्या उजेडाहून काळा होऊच शकत नाही. सकाळी अकराला पूर्वेच्या खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात नवा कोरा बल्बही धुरकट दिसेल. तेव्हा एकदा सगळे पडदे ओढून, ट्यूबलाइट बंद करून पाहा. मग मेनूत इको मोड (वीज वाचवायला उजेड कमी करणारा) सुरू राहिलाय का ते बघा, आणि एअर फिल्टर उघडून बघा. एवढं झाल्यावरही मेनू फिका असेल, तर बल्ब म्हातारा झाला असं म्हणायला हरकत नाही. लॅम्पच्या खोक्यावर लिहिलेले ४००० किंवा ५००० तास म्हणजे तो विझण्याची वेळ नसते, उजेड साधारण निम्म्यावर येण्याची असते. त्यामुळे तो हळूहळू मंदावतो आणि रोज बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यातूनच दुसरा आणि जास्त वाईट सल्ला निघतो: तास शून्यावर आणा. प्रोजेक्टरमधला तासांचा आकडा ही फक्त नोंद असते. तो पुसल्याने काचेला काही कळत नाही. वर्गांमधल्या बहुतेक जुन्या प्रोजेक्टरांत असतो तो उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा, फिलिप्सने १९९५ च्या सुमारास बाजारात आणलेल्या प्रकारातला. चालू असताना त्याच्या क्वार्ट्झच्या इवल्याशा फुग्यातला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट असतो आणि फुग्याची भिंत हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. हजारो तास असं तापून-निवून ते क्वार्ट्झ कमकुवत होतं. मुदत उलटल्यावर बहुतेक दिवे नुसते मंद होतात किंवा पेटत नाहीत, पण काही फुटतात. आवाज मोठा होतो, आत काचेचा चुरा होतो आणि पाऱ्याची वाफ बाहेर येते. तसं झालंच तर मुलांना लगेच बाहेर काढायचं, खिडक्या उघडायच्या, खोली हवेशीर होईपर्यंत आत जायचं नाही. सूचना येते ती या कारणासाठी. तास शून्यावर आणायची सोय आहे ती नवा लॅम्प बसवल्यानंतरसाठी. ती आधीच वापरली, तर तुमच्यानंतर येणाऱ्या शिक्षकाला हा दिवा किती जुना आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

रंगांचं कोडं सगळ्यात सोपं, आणि तिथेच लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. निळ्या टोकांच्या पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. निळ्याची पिन वाकली की पडदा पिवळा. हिरव्याची गेली की गुलाबी-जांभळा. लालाची गेली की आकाशी. मेनू मात्र अशा वेळी एकदम नीट दिसतो, आणि तिथेच उत्तर मिळतं. केबल काढायची, पिना बघायच्या, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून पुन्हा लावायची. कलर सेटिंग वाढवून गेलेली तार परत येत नाही; उलट उद्या केबल बदलल्यावर सगळ्यांचे चेहरे हळदीचे दिसतात आणि मग प्रोजेक्टरलाच शिव्या बसतात. एचडीएमआयवर असं एका रंगाचं गायब होणं सहसा होत नाही. तिथे केबल सैल असेल तर चित्र लुकलुकतं, चमचमते कण दिसतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. सगळंच हिरवट वाटत असेल तर आधी पिक्चर मोड बघा. जास्तीत जास्त उजेडाच्या 'ब्राइट' मोडमध्ये बरेच प्रोजेक्टर हिरवट झाक देतात.

मेनूही पिवळा असेल तर गोष्ट निराळी. थ्री-एलसीडी जातीच्या यंत्रात प्रत्येक रंगाला स्वतंत्र पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारी छोटी काच, असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि उजेडाने निळ्या मार्गातला पोलारायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश पुढे सोडणारा पातळ पडदा) आधी खराब होतो, आणि पडद्यावर पिवळे डाग किंवा पट्टे येतात. ते काम दुकानातलंच.

ठिपक्यांवर फवारा मारण्याबद्दल: लेन्सच्या बाहेरच्या काचेवरची धूळ पडद्यावर ठिपका म्हणून दिसतच नाही. ती फोकसच्या इतकी बाहेर असते की फार तर चित्राला किंचित धुकटपणा येतो. रेखीव ठिपका दिसतो तो आतून. फोकसची कडी फिरवून बघा. ठिपका चित्राबरोबरच स्पष्ट आणि धूसर होत असेल तर तो चिपवर किंवा पॅनेलवर आहे. चित्र धूसर केल्यावर ठिपका उलट स्पष्ट होत असेल तर ती पॅनेलजवळ बसलेली धूळ. डीएलपी प्रोजेक्टरच्या चिपवर एकेका बिंदूसाठी एकेक हलणारा आरसा असतो. १०२४ बाय ७६८ च्या यंत्रात ७,८६,४३२ आरसे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली ही चिप. त्यातले आरसे अडकायला लागले की पडद्यावर तारांगण उगवतं, आणि एकदा सुरू झालं की ते वाढत जातं. उपाय चिप बदलणं. फवाऱ्याने फक्त लेन्सवरचा लेप जातो, आणि थेंब कडेने आत उतरला तर कायमचा डाग. लेन्सला चष्म्याचं कोरडं मऊ कापड पुरे. डब्यातल्या दाबाच्या हवेतही ज्वालाग्राही वायू असू शकतो. तापलेल्या प्रोजेक्टरवर तो मारू नये.

'नो सिग्नल' म्हणजे पोर्ट गेलं, हा निष्कर्ष संदेशाने कुठून काढला कोण जाणे. त्या दोन शब्दांचा अर्थ एवढाच की यंत्र चालू आहे आणि त्याला काही मिळत नाहीये. सोर्स बटण दाबून योग्य दार निवडा. विंडोज लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. छतातून आलेली लांब केबल सोडून हातभर केबलने थेट जोडून बघा. चित्र आलं तर दोषी ती लांब केबल. राहिला कन्व्हर्टर. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग. मध्ये चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते अशी नुसती वायर काहीही करत नाही. शिवाय तो एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयवरून व्हीजीएला नेणारा कन्व्हर्टर उलटा लावून तासभर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. व्हीजीएतून आवाजही जात नाही, त्याची वायर वेगळी. मोबाइलचं सी-टाइप पोर्ट आहे म्हणजे त्यातून चित्र निघेलच असंही नाही. स्वस्त फोनांतली बरीच पोर्टं फक्त चार्जिंग आणि फायलींसाठी असतात. आणि ओटीटीवरचा सिनेमा लावल्यावर आवाज येतो पण चित्र काळं राहतं, तेव्हा कॉपी संरक्षण आडवं आलेलं असतं. प्रोजेक्टर तिथे निर्दोष आहे.

झाकण काढून चालवायचा सल्ला देणाऱ्याने ते कधी केलेलं नसावं. बहुतेक यंत्रांत लॅम्पचं झाकण उघडं असलं की एक छोटा स्विच वीज तोडतो आणि प्रोजेक्टर सुरूच होत नाही. पूर्ण खोकं उघडून चालवलंच, तर दिवा पेटवताना आत हजारो व्होल्ट येतात आणि उघड्या दिव्याचा अतिनील प्रकाश डोळ्यांवर पडतो. वर गंमत अशी की थंडावा कमीच होतो, कारण पंख्याची हवा खोक्याच्या बंद वाटेने लॅम्पवरून जावी अशी रचना असते. प्रोजेक्टर तापतो तो फिल्टर धुळीने आणि खडूच्या भुकटीने बुजलेला असतो म्हणून, किंवा टेबलावर सतरंजी घालून त्यावर तो ठेवलेला असतो म्हणून, किंवा गरम हवेच्या जाळीला भिंत चिकटलेली असते म्हणून. हाय अल्टिट्यूड मोड साधारण १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो. महाबळेश्वरसुद्धा १४०० मीटरच्या आत आहे. कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटरवर, कुणी वर्ग भरवणार असेल तर जरूर लावा. खाली तो लावून पंख्याचा आवाज वाढतो, आणि लॅम्प गरजेपेक्षा थंड राहिल्याने चित्र लुकलुकू शकतं, अशी ताकीद काही कंपन्यांच्या पुस्तिकेतच असते.

तिसऱ्या पिनेबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. घूं आवाज बहुतेकदा येतो तो लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर आणि मध्ये ऑडिओची वायर, अशा जोडणीत. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो त्या वायरीतून वाहतो. खात्री करायला लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर कारण हेच. मग लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, किंवा ऑडिओच्या वायरीत आयसोलेटर (विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारं छोटं उपकरण) बसवा. जाड पिन तोडली की घूं थांबतो हे खरं आहे. पण ती पिन लांब ठेवलेली असते ती बाकीच्या दोघींच्या आधी जोडली जावी म्हणून. आत कुठे वायर खोक्याला टेकली तर वीज जमिनीत जाऊन फ्यूज उडावा म्हणून. ती नसेल तर वीज खोक्यावर, छताच्या लोखंडी स्टँडवर आणि केबलमधून लॅपटॉपच्या पत्र्यावर थांबून राहते. पुढचा हात तिथे विद्यार्थ्याचा असतो. पिन तोडलेला प्लग दिसला तर तो फेकून द्या.

कीस्टोनला माझा विरोध नाही, थोडा वापरा. फक्त तो चित्र सरळ करतो ते पॅनेलवरचे काही बिंदू वाया घालवून. बारीक अक्षरं त्यामुळे फिस्कटतात. बऱ्याच डीएलपी यंत्रांची लेन्स चित्र वरच्या बाजूला फेकते, म्हणून टेबलावरचं यंत्र पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीला आणि समोर सरळ ठेवलं की कीस्टोन लागतच नाही.

पंखा थांबू द्या, हे बरोबर. लॅम्पच्या यंत्रांना लागू, एलईडी आणि लेसरला नाही. वीज गेली आणि लगेच आली तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. तापलेल्या दिव्यातला दाब इतका असतो की तो काही मिनिटं पेटत नाही. यूपीएस असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आणि ती लिंक. माझ्या मते संदेश लिहिला गेलाय तो तिच्यासाठीच. त्या छोट्या खोक्याच्या अॅडॅप्टरवर किती वॅट लिहिलेत ते वाचा. समजा ६० आहेत. सगळी वीज एलईडीला गेली आणि दर वॅटला १०० ल्युमेन मिळाले, तरी झाले ६०००. या यंत्रांत एकच एलसीडी पॅनेल असतं. त्याचा पोलारायझर निम्म्याहून जास्त उजेड खातो, रंगगाळण्या उरलेल्यातला दोन तृतीयांश. हिशेब हजाराच्या खाली आला, अजून लेन्स आणि पंखा धरलेले नाहीत. प्रत्यक्षात अशा खोक्यांतून काहीशे ल्युमेन मिळतात, आणि खिडक्या असलेल्या वर्गाला तीन-साडेतीन हजार लागतात. 'फोर-के' म्हणजे फोर-के (३८४० बाय २१६० बिंदूंची) फाइल घेतो; पॅनेल बहुतेकदा १२८० बाय ७२० चं किंवा त्याहून लहान. शाळेसाठी लोकवर्गणीतून घेत असाल तर दुकानदाराला दोन गोष्टी बिलावर लिहून मागा: उजेड एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेनमध्ये, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला, किती, आणि नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे पॅनेलवर प्रत्यक्षात असलेले बिंदू, किती. लिहून द्यायला तो का-कू करू लागला तर दुसरं दुकान बघा.