ठिपका कॅल्शियमचा नाही, दारात सापडलेल्या बोटाचा

नखांवरून आजार ओळखा, असं सांगणारा तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, मुळाशी चंद्रकोर दिसत नसेल तर थायरॉइड, उभ्या रेषा म्हणजे जीवनसत्त्वांची वानवा, पिवळं नख म्हणजे यकृत बिघडलं. आणि सगळ्यावर उपाय एकच: बायोटिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या.

नखांवरून काही कळत नाही असं नाही, बरंच कळतं. पण ज्या खुणांना कोणी घाबरू नये त्याच यात रंगवून सांगितल्यात, आणि जिला घाबरायला हवं ती यात नाहीच.

आधी ठिपके. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं आणि त्याचा कडकपणा त्या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो. कॅल्शियम त्यात नावापुरतंच. ठिपका बहुतेक वेळा मुळाशी बसलेल्या माराचा असतो. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मार विसरल्यावर ठिपका वर येतो. माझ्याच अंगठ्यावर सध्या एक आहे, कपाटाच्या दाराने दिलेला. महिन्याभरापूर्वी तो कातडीला चिकटून होता, आता बराच पुढे आलाय. काही महिन्यांनी नेलकटरमध्ये जाईल. कॅल्शियमची एकही गोळी न घेता.

चंद्रकोर म्हणजे नखाच्या मुळाचा बाहेर डोकावणारा भाग. अंगठ्यावर ती ठळक दिसते, करंगळीवर बहुतेकांची कातडीखाली झाकलेली असते. ती दिसत नाही एवढ्यावरून थायरॉइडचं निदान होत नाही.

उभ्या रेषा वयाबरोबर येतात, सुरकुत्यांसारख्या. लक्ष द्यायचं ते आडव्या खाचेकडे. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1846 मध्ये तिचं वर्णन केलं. जबर ताप, मोठं आजारपण किंवा केमोथेरपी झाली की मूळ काही दिवस काम थांबवतं, आणि तो खंड नखावर उमटतो. खाच मुळापासून 6 मिलिमीटर पुढे असेल तर आजारपण साधारण दोन महिन्यांपूर्वीचं. पण अशी खाच बऱ्याच नखांवर एकाच रेषेत हवी. एकाच नखावर असेल तर तिथे काहीतरी लागलेलं असतं. आणि दुसऱ्या बोटाने अंगठ्याच्या नखाचं मूळ सतत खाजवायची सवय असेल, तर मधोमध आडव्या खाचांची शिडीच तयार होते. ती सवय अनेकांना स्वतःला ठाऊकही नसते.

पिवळेपणाला नेलपॉलिश, तंबाखू आणि बुरशी ही नेहमीची कारणं. कावीळ आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बघतात. पायाचं नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं तर बहुधा बुरशी. पण सोरायसिस या त्वचारोगातही हुबेहूब तसंच दिसतं, म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या गिळण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं, तेव्हा उपचार लागू पडतोय की नाही हे आठवड्यात कळणार नाही.

आता जे खरं आहे ते. नख चमच्यासारखं खोलगट होऊन त्यावर पाण्याचा थेंब थांबायला लागला, तर लोह तपासावं. (लहान मुलांच्या पायाच्या अंगठ्याचं नख तसं असणं मात्र नैसर्गिक.) दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं समोरासमोर टेकवा: मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर फुप्फुसं आणि हृदय तपासायला हवं. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ही खूण स्वतःच्याच बोटांवर टिपली होती, हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग झालेला असताना.

आणि फॉरवर्डमध्ये नसलेली खूण: काळी-तपकिरी उभी रेघ. सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांत अनेक नखांवर अशा रेघा वर्षानुवर्षं असतात, त्यात काही नाही. पण एकाच नखावर, नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, रंग बाजूच्या कातडीत उतरवणारी रेघ मेलॅनोमाची असू शकते. हा त्वचेचा घातक कर्करोग आहे. माराने साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. मेलॅनोमाची रेघ मात्र मुळापासून सुटत नाही. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये मेलॅनोमाच निघाला. आधी ती फुटबॉलमधली दुखापत वाटली होती. 1981 मध्ये, 36व्या वर्षी तो गेला. अशी रेघ दिसली तर ती त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

राहिलं बायोटिन. मोठ्या मात्रेत ते रक्ताच्या काही तपासण्यांचे निकाल चुकवतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये तसा इशारा दिलाय. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं आणि थायरॉइडचे आकडेही फिरतात. म्हणजे चंद्रकोर दिसत नाही म्हणून फॉरवर्डवाल्याच्या गोळ्या सुरू करायच्या, मग थायरॉइड तपासायला जायचं, आणि चांगल्या थायरॉइडचा बिघडलेला रिपोर्ट हातात घेऊन घरी यायचं.