निवडणं आणि चाळणं

गेल्या रविवारी आमच्याकडे पेस्ट कंट्रोल झालं. ठाण्याच्या चरईतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बाहेर ओढल्या की मागे केवढा संसार मांडलेला असतो. छोटी, तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली झुरळं. येणारा दादा वर्षानुवर्षं हेच काम करतोय. बिजागरीपाशी जेलचा ठिपका सोडता सोडता म्हणाला, "मॅडम, ते आधीचं जेल बंद केलं मी. झुरळ येतं, मिशा हलवतं, तोंड लावतं न लावतं आणि मागं फिरतं. शिकलीत आता ती."

मी घरी सायन्सचे क्लासेस घेते, आठवी ते दहावी. त्यामुळे ते "शिकलीत" कानाला टोचलं. पण माणूस ओट्याखाली अर्धा आत गेलेला असताना त्याला डार्विन ऐकवणं बरं दिसलं नसतं. ते इथे ऐकवते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

१९८०च्या दशकात अमेरिकेत झुरळांसाठी ग्लुकोज घातलेली विषारी आमिषं आली. गोडाला भुलून झुरळं खायची आणि मरायची. काही वर्षांतच अशी झुरळं सापडायला लागली की जी ग्लुकोजला तोंडच लावत नव्हती. कारण सापडायला २०१३ साल उजाडलं. या झुरळांच्या तोंडापाशी चव घेणारे जे बारीक केस असतात, त्यांतल्या कडू ओळखणाऱ्या चेतापेशीच ग्लुकोजने जाग्या होत होत्या. साखर त्यांना कडू लागत होती!

आता ती शिकली का? नाही. विष खाऊन मेलेलं झुरळ कुणाला धडा देणार? झालं एवढंच, की हजारोंमध्ये एखादं झुरळ जन्मतःच असं विचित्र होतं. एरवी ते मागेच पडलं असतं. जेवणावळीत जिलबी नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं, नुकसान त्याचं त्यालाच. पण ज्या दिवशी जिलबीतच विष आलं, त्या दिवशी बाकीची पंगत आडवी झाली आणि हा नाक मुरडणारा उरला. पिल्लं त्याचीच झाली, आणि ती बापासारखी निघाली. संपली गोष्ट. डार्विनने १८५९ साली जाडजूड पुस्तक लिहून जे सांगितलं, त्याचा गाभा एवढाच आहे.

मग दीडशेहून जास्त वर्षं भांडण कशाचं चाललंय? माझं मत विचाराल तर निम्मं भांडण शब्दांचं आहे. आणि मराठीत तर आपण ते मन लावून वाढवून ठेवलंय.

"नैसर्गिक निवड" हा शब्द घ्या. निवडणं म्हटलं की मला माझी आजी दिसते, सुपात तांदूळ घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खडा दिसला की चिमटीत धरून बाहेर. निवडायला कुणीतरी लागतं, त्याची नजर लागते, चांगलं-वाईट ठरवणारं मन लागतं. इथे तसं कुणीच नाही. इथे फक्त चाळणी आहे. चाळणीला गव्हाचं प्रेम नाही, कोंड्याचा राग नाही. तिच्या भोकांत मावलं ते खाली, नाही मावलं ते वर. त्यात परत आज विष, उद्या दुष्काळ, परवा थंडी, असा भोकांचा आकार बदलत राहतो. "नैसर्गिक चाळण" म्हटलं असतं तर माझे निम्मे तास वाचले असते.

हा त्रास खुद्द डार्विनलाही झाला. निवड म्हटलं की लोकांना निवडणारा दिसतो, हे वॉलेसने, म्हणजे त्याच वेळी स्वतंत्रपणे हाच विचार मांडणाऱ्या निसर्गशास्त्रज्ञाने, त्याला १८६६ साली पत्र लिहून सांगितलं आणि तत्त्वज्ञ स्पेन्सरचा "सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट" हा शब्दप्रयोग सुचवला. १८६९च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तो घातलाही. आपण त्याचं मराठी काय केलं? "बळी तो कान पिळी"! आमचं ते झुरळ कुठे बळी होतं? ते बिचारं गोड टाकून वाढीला मागे पडणारं. टिकायला पिळदार दंड लागतात असं नाही. त्या वेळच्या, त्या जागेच्या चाळणीतून निसटता आलं पाहिजे, बस.

दुसरा शब्द "उत्क्रांती". त्यातला "उत्" म्हणजे वर. ऐकलं की शिडीच दिसते, आणि शिडीच्या टोकाला अर्थातच आपण, टाय लावून. आमच्या मजल्यावरचे एक काका डार्विनच्या बाजूचे आहेत, पण त्यांची बाजू ऐकून मला घाम फुटतो. "आपल्या दशावतारात हे आधीच आहे हो. मत्स्य, कूर्म, वराह, मग अर्धा माणूस, मग पूर्ण माणूस." काकांना मी म्हटलं, काका, दशावतार सुंदरच आहे, पण तिथे मासा पुढच्या पायरीसाठी जागा करून देतो. उत्क्रांतीत मासा कुठेही गेलेला नाही. जांभळी नाक्याला टोपलीत पडलेला बोंबील तुमच्या-माझ्याइतकीच कोट्यवधी वर्षं चाळून आलाय. तो मागे राहिलेला माणूस नाही, तो पूर्ण बोंबील आहे. काका हसले. पटलं नाही त्यांना, पण शुक्रवारी बोंबील आणले.

आणि मग ते माकड. "आम्ही काय माकडापासून झालो?" माझी चुलतबहीण डोंबिवलीला राहते. मी तिच्यापासून झाले असं कुणी म्हणत नाही, आमचे आजोबा एक. चिंपांझीचं आणि आपलं तसंच आहे, फक्त ते आजोबा साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे. गंमत म्हणजे आपल्या भाषेला या नात्याची लाज कधीच नव्हती. पावसात जिन्यावर घसरून आपटलं की आपण काय म्हणतो? माकडहाड दुखतंय! पाठीच्या कण्याच्या टोकाला जुळून गेलेले ते तीन-चार मणके, शेपटीची उरलेली खूण. त्याला हे नाव कुणी डार्विन वाचून दिलेलं नाही.

जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी त्यावर एकत्र निवेदन काढून विरोध केला. मला मात्र नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. हे गृहस्थ एकेकाळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही म्हणून पोलीस फाइल बंद करतात का? पंचनामा असतो, ठसे असतात. इथेही आहेत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रं ४८, आपल्यात ४६. दोन गेली कुठे? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तर ते दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं दिसतं. एरवी जे टोकाला असायला हवेत ते तुकडे मधोमध सापडतात. उसवून परत जोडलेल्या ब्लाऊजची शिवण दिसावी तसं. यापेक्षा चांगला ठसा कुठल्या पोलिसाला मिळालाय?

माझ्या बॅचमध्ये दोन्ही बोर्डांची मुलं आहेत. एसएससीची मला बाई म्हणतात, सीबीएसईची मॅम. बाई म्हणणाऱ्यांच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा "आनुवंशिकता व उत्क्रांती". मॅम म्हणणाऱ्यांच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या तशाच धड्यातून उत्क्रांती २०२३ साली गेली, आनुवंशिकता उरली. ओझं कमी करायचं म्हणून. १८००हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीला आहे की, असं उत्तर मिळालं. बारावीला आहे, पण बायोलॉजी घेणाऱ्यालाच. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलींपैकी एकीला माकडहाड का आहे हे माहीत असणार, दुसरीला फक्त ते दुखतं एवढंच.

मी सगळ्यांना एकत्रच शिकवते. त्यावरून एका मुलीच्या बाबांचा फोन आला. ऐरोलीला आयटीत आहेत, बोलायला अगदी सभ्य. "मॅडम, ते आमच्या पोर्शनमध्ये नाहीये. आणि तशी ती नुसती थिअरीच आहे ना?"

ही "थिअरी" आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जोडीने आली. थिअरीचा पेपर ऐंशी मार्कांचा, प्रॅक्टिकल वीसचं. थिअरी म्हणजे घोकायचं, प्रत्यक्षात न घडणारं. मराठीत मात्र शब्द सिद्धांत. सिद्ध होऊन ज्याचा अंत लागला तो. "नुसता सिद्धांत" असं म्हणून बघा, जीभच अडखळते. मी त्यांना म्हटलं, टीबीची औषधं अर्धवट सोडू नका असं डॉक्टर का बजावतात? अर्धवट सोडली तर कमजोर जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात. हेच प्रॅक्टिकल. ते गप्प झाले. फी वेळेवर आली.

पण सगळंच शब्दांवर ढकलणं खोटेपणाचं होईल. अमेरिकेत १९२५ साली डेटन गावातल्या एका शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून शंभर डॉलर दंड झाला, तिथे अडचण बायबलमधल्या सहा दिवसांच्या सृष्टीची होती. (त्याच धर्मातले पोप जॉन पॉल दुसरे १९९६ साली म्हणाले की उत्क्रांती ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही.) आपल्याला वर्षांची अडचण नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीच्या वयाच्या जवळपास जातो. आपली अडचण वेगळी आहे आणि ती माझ्या आत्याने नेमकी पकडली. चाळणीचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे चाळणी धरणारा हातच नाही म्हणतेस?" माझ्या घरात दीड दिवसाचा गणपती येतो, मोदक मी स्वतः वळते. मी तिला एवढंच म्हटलं की डार्विनच्या सिद्धांतात हात आहे की नाही याबद्दल काही नाही, हाताशिवाय गणित सुटतं एवढंच आहे. ती बराच वेळ वाती वळत बसली.

गुरुवारी तास संपल्यावर मी थांबतील त्यांना झुरळांची गोष्ट सांगितली. फोनवाल्या बाबांची मुलगीही थांबली. सगळं ऐकून म्हणाली, "मॅम, मग नवीन जेल न खाणारी पण होतीलच ना?"

होतील, म्हटलं. दादाने बिलावर सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली आहे. बिल फ्रिजवर लावून ठेवलंय.